घाम एकाचा, खाते दुसऱ्याचे



गेल्या महिन्यात पगाराच्या दिवशी येलहंक्याच्या आमच्या शाखा कार्यालयात चहाच्या वेळी वाद झाला. विषय बोनसचा नव्हता की बदलीचा नव्हता. शेतकऱ्यांच्या खात्यात सरकार जे दोन-दोन हजार रुपये जमा करते, त्यावरून जुंपली. एक सहकारी म्हणाला, "आपण भट्टीपाशी भाजून निघायचे, इन्कम टॅक्स भरायचा, आणि सरकारने तो पैसा घरबसल्यांना वाटायचा!" दुसरा खानापूरकडचा. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "घरबसल्या कोण? माझ्या म्हाताऱ्या आईला विचार, पहाटे पाचला ती कुठे असते ते." बाकीचे दोन्ही बाजूंनी बोलू लागले. मी सचिव असून गप्प होतो, कारण मला माझ्या स्वतःच्या घरची गोष्ट आठवत होती. ती पुढे सांगतो.

हा वाद एकट्या येलहंक्याचा नाही. सोलापूरच्या लॉबीत, मिरजेच्या यार्डात, बेळगावच्या पोस्टाच्या सॉर्टिंगमध्ये तो रोज होत असेल. म्हणून यावेळी अग्रलेखाला हाच विषय घेतला आहे.

आधी आपण कोण ते आठवू. येलहंक्याचा चाकांचा कारखाना १९८४ साली सुरू झाला. आज त्याचे नाव रेल व्हील फॅक्टरी आहे. भंगार पोलाद वितळवून इथे गाड्यांची चाके ओतली जातात. या कारखान्यात, यार्डात आणि आसपासच्या पोस्टांत जी मराठी माणसे नोकरीला आली, ती बहुतेक बेळगाव, निपाणी, खानापूर, चंदगड, सोलापूर, सांगली या भागातली. कोणाच्या घरी दीड एकर, कोणाच्या घरी चार. घरातल्या एका पोराला नोकरी लागली, तो आला. बाकीचे मातीत राहिले. म्हणजे शेतकरी हा आपल्याला परका नाही. तो आपला भाऊ आहे, वहिनी आहे, आई आहे. ज्याला आपण "घरबसल्या" म्हणतो, त्याच्याच घरची ज्वारी आणि शेंगा सुटीवरून येताना आपण पिशवीत भरून आणतो.

आता प्रत्यक्ष योजना काय आहे ते पाहू. १ फेब्रुवारी २०१९ च्या हंगामी अर्थसंकल्पात केंद्र सरकारने पंतप्रधान किसान सन्मान निधी जाहीर केला. शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६ हजार रुपये, दोन हजारांच्या तीन हप्त्यांत. सुरुवातीला दोन हेक्टरची मर्यादा होती, ती त्याच वर्षी उठवली. कर्नाटक सरकारने २०१९ मध्ये त्यात आपले ४ हजार घातले, आणि २०२३ मध्ये सरकार बदलल्यावर ते बंद झाले. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी आणून आपले ६ हजार घातले. म्हणजे गंमत पाहा. कागल आणि निपाणी एकाच हमरस्त्यावर. तीच काळी माती, तोच तंबाखू, तोच ऊस, बोलणे तेच. पण २०२३ नंतर कागलच्या शेतकऱ्याला बारा हजार आणि निपाणीच्या शेतकऱ्याला सहा हजार. बांधाच्या अलीकडे एक भाव, पलीकडे दुसरा.

सहा हजार म्हणजे किती? महिन्याला पाचशे. दिवसाला साडेसोळा रुपयांच्या आत, आणि तेही माणशी नव्हे, सगळ्या कुटुंबाला मिळून. एवढ्यावर कोणी घरी बसून खात नाही. आणि एक गोष्ट कामगार म्हणून आपल्या चटकन लक्षात यायला हवी. जानेवारी २०१९ मध्ये आपला महागाई भत्ता १२ टक्के होता, जानेवारी २०२४ मध्ये तो ५० टक्के झाला. मधले दीड वर्ष, जानेवारी २०२० ते जून २०२१, भत्त्याचे तीन हप्ते गोठवले गेले, तेव्हा आपण किती ओरड केली ते आठवा. ती रास्तच होती. पण त्या पाचही वर्षांत शेतकऱ्याचे सहा हजार सहा हजारच राहिले. आपल्या भत्त्याच्या हिशेबाने ते २०२४ मध्ये आठ हजारांवर जायला हवे होते. आपला भत्ता दीड वर्ष गोठला, त्याचा तर सुरुवातीपासूनच गोठलेला आहे. त्याच्यासाठी मात्र कोणी गेट मीटिंग घेतली नाही.

तेव्हा पहिला मुद्दा असा की, या पैशाचा हेवा करणे कामगाराला शोभत नाही. पण आमची तक्रार वेगळी आहे आणि ती मोठी आहे. हा पैसा ज्याचे नाव कागदावर आहे त्याला मिळतो. जो नांगर धरतो, खुरपते, पाणी पाजतो, त्याला मिळेलच असे नाही. आणि पुष्कळ घरांत कागदावरचे ते नाव आपले असते.

आता माझी गोष्ट. वडील वारले तेव्हा मी मॅट्रिक होऊन रेल्वेत लागलेला, आणि धाकटा भाऊ शाळा सोडून शेतात. जाणत्या मंडळींनी सांगितले, मोठा शिकलेला आहे, नोकरीत आहे, त्याचे नाव लावा. उताऱ्यावर माझे एकट्याचे नाव चढले, पुढे "ए.कु.मॅ.", म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. मॅनेजर मी, आणि कष्ट त्याचे! मी वर्षातून दोनदा गावी जायचो, बांधावर उभा राहून पीक पाहायचो आणि परत गाडी धरायचो. भावाने कधी तक्रार केली नाही. तो एवढेच म्हणायचा, "दादा, एकदा कागद करून टाकू." मी म्हणायचो, "पुढच्या सुटीत."

२०१९ मध्ये योजना आली. भाऊ अर्ज घेऊन गेला. उतारा काढला तर त्यावर त्याचे नाव नाही. ज्याचे नाव आहे तो केंद्र सरकारचा नोकर, म्हणून अपात्र. तेव्हा कुठे मी रजा टाकून वाटणी केली आणि त्याचे नाव लावले. पण तोवर १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख उलटून गेली होती. नियम असा होता की, त्या तारखेला जमीन ज्याच्या नावावर असेल त्याचीच पात्रता धरायची, आणि वारसाहक्काची नोंद सोडून पुढच्या पाच वर्षांतला कोणताही बदल मानायचा नाही. पाच वर्षे, वर्षाला सहा हजार. माझ्या "पुढच्या सुटीत"ने भावाचे तीस हजार रुपये बुडाले. यात कोणा कचेरीचा दोष नाही, कारकुनाचा नाही. दोष माझा. हे छापायला मला लाज वाटते, पण माझ्यासारखे शेकडो असतील म्हणून छापतो आहे.

या योजनेत आपल्याबद्दल काय लिहिले आहे तेही नीट समजून घ्या. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. त्यांच्यापैकी कोणी केंद्र किंवा राज्य सरकारच्या सेवेत असेल किंवा निवृत्त असेल तर ते कुटुंब अपात्र. महिना १० हजार किंवा अधिक पेन्शन असेल तर अपात्र. मागच्या वर्षी आयकर भरला असेल तर अपात्र. सूट फक्त मल्टी टास्किंग स्टाफ, चतुर्थ श्रेणी आणि ग्रुप डी यांना. आता इथे मेख आहे. सहाव्या वेतन आयोगानंतर, म्हणजे २००८ पासून, केंद्र सरकारात ग्रुप डी हा वर्गच उरला नाही. सगळे ग्रुप सी मध्ये गेले. मग उन्हातान्हात रूळ सांभाळणारा आमचा ट्रॅकमन, ज्याला आता ट्रॅक मेंटेनर म्हणतात, तो या नियमाने कोण? कालचा ग्रुप डी की आजचा ग्रुप सी? नावाची बढती मिळाली म्हणून त्याची सवलत गेली काय? सूट देणारा नियम २०१९ चा, आणि त्यात नाव अशा वर्गाचे जो दहा वर्षांपूर्वीच संपला. तालुक्याच्या कारकुनाने याचा काय अर्थ लावायचा? सरकारने पे लेव्हल लिहून हा घोळ मिटवला पाहिजे.

पोस्टातल्या ग्रामीण डाक सेवकांचे दुखणे आणखी वेगळे. त्यांना नोकरी देताना लिहून घेतात की, पोटापाण्याचे दुसरे साधन तुमच्याकडे आहे. खेड्यात दुसरे साधन म्हणजे शेतीच. सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्ये सांगितले की, ही माणसे मुलकी पद धारण करतात. तरी खाते त्यांना नियमित नोकर मानत नाही, नियमित नोकराची पेन्शन देत नाही. मग शेतीच्या मदतीच्या वेळी तरी त्यांना स्पष्टपणे शेतकरी माना! पेन्शनच्या वेळी नोकर नाही आणि मदतीच्या वेळी नोकर आहे, असे दोन्हीकडून मार कशाला? आणि विसरू नका, २०२० च्या टाळेबंदीत बँका लांब आणि एस.टी. बंद असताना हाच डाक सेवक आणि हाच पोस्टमन अंगठ्याचे यंत्र घेऊन दारोदार गेला आणि म्हाताऱ्या-कोताऱ्यांच्या हातात त्यांचे पैसे ठेवून आला.

आपल्यातल्या कोणी अपात्र असून हप्ते घेतले असतील, तर ते त्यांनी परत करावेत हेही इथेच स्पष्ट सांगतो. जुलै २०२१ मध्ये सरकारने लोकसभेत सांगितले की, ४२ लाखांहून अधिक अपात्र लोकांकडे सुमारे ३ हजार कोटी रुपये गेले. त्यात कामगारांची नावे असणे संघटनेला भूषणावह नाही. आपण हक्काचे मागतो, म्हणून बिनहक्काचे घ्यायचे नाही.

आता घराबाहेर पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ११ कोटी ८८ लाख शेतकरी होते आणि १४ कोटी ४३ लाख शेतमजूर. म्हणजे शेतावर राबणाऱ्यांत मजूर जास्त. त्यांच्या नावावर एक गुंठा नाही, म्हणून त्यांना या योजनेत एक रुपया नाही. बायांचे पाहा. पेरणीपासून मळणीपर्यंत पुष्कळ काम त्या करतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत शंभर खातेदारांत बाया फक्त चौदा. आणि जे दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने करतात, ते तर कागदावर असतच नाहीत.

ते का नसतात, त्यालाही इतिहास आहे. मुंबई राज्याचा कूळ कायदा १९४८ चा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरून कुळांना मालक केले. कर्नाटकात देवराज अर्स यांच्या काळात १९७४ ची दुरुस्ती आली आणि कुळे संपुष्टात आली. कसेल त्याची जमीन, हे तत्त्व थोरच. त्या कायद्यांनी लाखो घरे उभी राहिली, आपल्यातल्या कित्येकांचीही. पण पुढे काय झाले? कायद्याने कूळ नाही म्हणून मालक तोंडी कराराने जमीन देऊ लागला, आणि दर दोन वर्षांनी कसणारा बदलू लागला, न जाणो त्याने हक्क सांगितला तर! अशा तोंडी कुळाला पीककर्ज नाही, विमा नाही, नुकसानभरपाई नाही आणि सन्मान निधीही नाही. गारपीट त्याच्या पिकावर पडते आणि पंचनामा मालकाच्या नावाने होतो.

कागदाकडे पाहून पैसा वाटला की काय होते, याचा एक जुना दाखला परदेशातला आहे. १९३३ साली अमेरिकेत मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते. सरकारने कापसाचे क्षेत्र कमी करणाऱ्यांना अनुदान दिले. पैसा जमीनमालकाकडे गेला. त्याने त्यातून वाटेकऱ्यांचा हिस्सा द्यायचा, असे ठरले होते. पुष्कळ मालकांनी हिस्सा दिला नाही, उलट कमी क्षेत्राला कमी माणसे पुरतात म्हणून वाटेकऱ्यांना घराबाहेर काढले. मदत शेतीला आली आणि शेतावरचा माणूस रस्त्यावर आला. तेव्हा १९३४ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या टायरोन्झा या गावी काळे आणि गोरे वाटेकरी एकत्र बसले आणि त्यांनी कुळांची युनियन काढली. त्या काळात तिथे काळ्या-गोऱ्यांनी एका बाकावर बसणे हाच गुन्हा समजला जाई. युनियन कशातून जन्माला येते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

आपल्याकडे मार्ग नाही असे नाही. ओडिशा सरकारने कालिया योजनेत भूमिहीन शेतमजुरांची कुटुंबेही धरली. पश्चिम बंगालच्या कृषक बंधू योजनेत नोंदलेले बर्गादार, म्हणजे वाटेकरी, आहेत. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कसणाऱ्याच्या हक्काच्या कार्डाचा कायदा केला: मालकाच्या मालकीला धक्का नाही, अकरा महिन्यांचा करार, आणि त्या कार्डावर कसणाऱ्याला मदत. त्यात मालकाची सही लागे आणि पुष्कळ मालक सही देत नसत, ही त्याची लंगडी बाजू. पण वाट दिसली, हे खरे. आणि डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या कृषी स्थायी समितीनेच शिफारस केली की, सहा हजारांचे बारा हजार करा आणि कुळांना व शेतमजुरांनाही द्या. म्हणजे आपण काही जगावेगळे मागत नाही.

काही मित्र म्हणतील की, अनुदान हवेच कशाला, भाव द्या. हे म्हणणारा मोठा माणूस मूळचा पोस्ट खात्यातला होता, हे टपाल कामगारांना माहीत असेल. शरद जोशी भारतीय टपाल सेवेत होते, पुढे स्वित्झर्लंडमध्ये जागतिक टपाल संघटनेत होते, आणि ती नोकरी सोडून त्यांनी शेतकरी संघटना उभी केली. त्यांचे म्हणणे होते की, सरकार एका हाताने भाव पाडते आणि दुसऱ्या हाताने अनुदानाचा तुकडा टाकते; हिशेब केला तर भारतीय शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी. संघटना म्हणून आमचे त्यांच्याशी सगळ्या बाबतीत जमले नसते. खुल्या बाजाराचे ते पुरस्कर्ते, आम्ही विरोधक. पण या हिशेबात त्यांचे चुकले नव्हते. निर्यातबंदी आली की कांदा मातीमोल होतो, हे नाशिककडच्या आपल्या बांधवांनी पाहिले आहे. आणि याच शरद जोशींनी १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर लक्ष्मीमुक्तीचे काम हाती घेतले: शेतकऱ्याने आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन लावावी. सरकारी जी.आर. निघण्याची वाट न पाहता गावेच्या गावे त्यात उतरली. आपण त्यातून धडा घेऊ शकतो.

आणखी एक. शेतीचे अनुदान म्हटले की सगळे सन्मान निधीकडे बोट दाखवतात. त्यावर वर्षाला सुमारे ६० हजार कोटी खर्च होतात. खतावरचे अनुदान २०२२-२३ मध्ये अडीच लाख कोटींच्या घरात गेले होते. ते जाते खत कंपन्यांकडे, आणि ज्याची जमीन जास्त, पाणी जास्त, त्याला त्याचा लाभ जास्त. मालगाडीच्या रेकमधून तो युरिया आपणच वाहतो. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत. महाराष्ट्रानेही २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंत तसे केले. पण ज्याच्या विहिरीला पाणीच नाही, त्या आटपाडी-जतच्या कोरडवाहू माणसाला फुकट विजेचे काय? म्हणून जिथे कुठे "शेतकऱ्याला एवढे कोटी" असे छापून येते, तिथे आपण एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या शेतकऱ्याला?

नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची पहिली संघटना बांधली. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी. फुल्यांनी शेतकऱ्याचा आसूड लिहिला तो १८८३ मध्ये, आणि लोखंड्यांची संघटना पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये उभी राहिली. शेतकऱ्याचे दुःख आणि कामगाराचे दुःख एकाच घरातले आहे, हे त्या दोघांना तेव्हा कळले होते. आपल्याला चहाच्या टेबलावर ते विसरायला होते.

म्हणून सरकारकडे आपल्या मागण्या अशा:

१. मदत कसणाऱ्याला द्या. मालकीला धक्का न लावता खंडकरी, वाटेकरी यांची दर हंगामाला नोंद करा, आणि त्या नोंदीला मालकाच्या सहीची अट नको. ग्रामसभेची साक्ष धरा.

२. भूमिहीन शेतमजूर कुटुंबांना योजनेत घ्या.

३. रकमेला शेतमजुरांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची जोड द्या. आपल्याला महागाई भत्ता, तर त्यालाही.

४. ट्रॅक मेंटेनर आणि तत्सम खालच्या लेव्हलचे कामगार, तसेच ग्रामीण डाक सेवक, यांच्या पात्रतेबद्दल स्वच्छ शब्दांत आदेश काढा.

आणि मागण्या करण्याआधी आपण स्वतः काय करायचे? पुढच्या सुटीत गावी जाल तेव्हा उतारा काढा; महाराष्ट्रात सातबारा, कर्नाटकात पहाणी. वाचा. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी त्यांचेच नाव असेल, तर वारसाची नोंद करून घ्या. तुमच्या एकट्याच्या नावापुढे "ए.कु.मॅ." असेल, तर भावाचे, बहिणीचे, आईचे नाव लावा. काही जण म्हणतील, २००४ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, म्हातारपणी जमीन हाच आधार, ती कशी सोडायची? खरे आहे. तुमचा वाटा सोडा असे कोणी म्हणत नाही. तुमचा वाटा तुमच्या नावावर राहू द्या. पण भावाचा वाटा तुमच्या नावावर कशासाठी? पेन्शनची लढाई सरकारशी लढायची आहे. ती भावाच्या वाट्यातून भरून काढायची नाही.

येलहंक्याच्या शाखेने ठरवले आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कार्यालयात उतारे घेऊन बसायचे. ज्याला वाचता येत नाहीत त्याला वाचून दाखवायचे, अर्ज लिहून द्यायचे. पहिल्या रविवारी नऊ जण आले. त्यात तो "घरबसल्या" म्हणणारा सहकारीही होता. त्याच्या उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव आहे.

इतर शाखांनीही हे करावे, ही विनंती.

आपला,
शाखा सचिव, येलहंका